कोऱ्या सीडीवर डीव्हीडी राईट करताय? या चुका टाळा

परवा परत एक पोरगं आलं. पेनड्राईव्हवर पुतणीच्या बारशाचं शूटिंग, आणि म्हणतंय, काका डीव्हीडी फॉरमॅटच पाहिजे पण सीडीवर मारून द्या, घरात कोऱ्या सीडीचा डबा पडून आहे की ओ. होतंय ते, नाही असं नाही. डीव्हीडीतलं व्हिडिओ टीएस फोल्डर, त्यातल्या आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फायली सगळ्या तशाच सीडीवर गेल्या की झाली मिनी डीव्हीडी. कॉम्प्युटरवर झकास चालते, आणि तिथंच सगळे फसतात.

मी पण फसलोय, ते आधी सांगतो. खानापूरकडच्या एका गावात पोरांनी गणपतीत नाटक बसवलेलं, मी शूट केलं आणि त्यातला पंधरा मिनिटांचा भाग घरोघरी द्यायचा ठरला. डीव्हीडीपेक्षा सीडी स्वस्त म्हणून रात्रभर बसून तीस सीड्या राईट केल्या, मध्ये दोनदा लाईट गेली, दोन सीड्या कचऱ्यात. घरच्या कॉम्प्युटरवर एक घालून बघितली, मेनू बिनू एकदम फर्स्टक्लास, आणि सकाळच्या पहिल्या बसनं पुडकं पाठवून दिलं. संध्याकाळी फोन: "अण्णा, सीडी नुसतंच फिरतंय की ओ, टीव्हीवर नो डिस्क येतंय." सगळ्या गावात एकाच घरात चालली, तीही दर दहा सेकंदाला अडखळत, आणि राजाचा पार्ट करणाऱ्याची आई पहिल्याच डायलॉगवर अडकलेल्या पोराकडं बघत बसली होती म्हणे.

कारण असं, की बरेच प्लेअर आत सीडी दिसली की ऑडिओ, व्हीसीडी (सीडीवरच्या व्हिडिओचा जुना साधा फॉरमॅट) नाहीतर एमपीथ्री एवढंच शोधतात, व्हिडिओ टीएस फोल्डर आहे का बघतच नाहीत. जे बघतात त्यांची मोटर पुरत नाही. सीडी एक एक्स, म्हणजे मूळ स्पीडला सेकंदाला 150 केबी देते, डीव्हीडी एक एक्सला 1385, म्हणजे तेवढा डेटा द्यायला सीडी नऊपट जोरात फिरवायला लागते. कॉम्प्युटरचा ड्राईव्ह चाळीस-पन्नास एक्सवाला, त्याला हे जाणवत पण नाही. म्हणून आता माझ्याकडं एकच पद्धत, एक सीडी राईट करायची, ज्यांच्याकडं बघणार त्यांच्या प्लेअरमध्ये शेवटपर्यंत चालवायची, मग बाकीच्या. नाही चालली तर सरळ व्हीसीडी करतो, 352 बाय 288 पिक्सेल, चित्र जुन्या कॅसेटसारखं दिसतं पण 80 मिनिटांच्या सीडीवर जवळजवळ तेवढाच वेळ मावतो आणि आजीच्या प्लेअरवर पण चालतं. त्या गावाला शेवटी तेच दिलं, पदरच्या पैशानं.

दुसरं म्हणजे हिशोब न करता राईट मारणं. 700 एमबीत एक तासाचं लग्न डीव्हीडी क्वालिटीत बसवा म्हणणारे अजून भेटतात, त्यांना काय सांगायचं? 7 एमबीपीएस बिटरेटनं, म्हणजे सेकंदाला 7 मेगाबिट डेटा धरला तर, जेमतेम 14 मिनिटं बसतात, 4 नं 23-24, बस्स. त्यात पण घाईत आवाज पीसीएममध्येच, म्हणजे न दाबता कच्चाच ठेवतात, तो एकटा 1.5 एमबीपीएस खातो, पंधरा मिनिटांत 170 एमबीच्या वर गेले बघा. तोच एसीथ्री या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये 192 केबीपीएसला केला तर वीस-बावीस एमबीत काम होतं, आणि बँडबाजाच्या आवाजात फरक ओळखणारा अजून मला भेटलेला नाही. वेळ जास्त पाहिजे असेल तर 352 बाय 576 साईज घ्या, डीव्हीडीत ती चालते, आणि बिटरेट खाली आणा. मोठी साईज ठेवून बिटरेट कापला की नाचणाऱ्यांचे नुसते चौकोन दिसतात.

बाकीचं पटपट. फोल्डर ओढून डेटा सीडी म्हणून टाकू नका, सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी व्हिडिओचा पर्याय असतो तो घ्या. सेशन उघडं सोडू नका, फायनलाईज करा, म्हणजे शेवटी सीडी बंद करून टाका. 52 एक्सला मारायची घाई कुणाला असते कळत नाही, मी 16 च्या वर जात नाही. आपली टीव्हीची पद्धत पाल आहे, सेकंदाला 25 फ्रेम, तिकडची वेगळी, म्हणून अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेलं टेम्प्लेट वापरू नका.

आणि सीडीवर बॉलपेननं नाव लिहू नका हो. डीव्हीडीत डेटा दोन थरांच्या मध्ये असतो, सीडीत तो छापील बाजूच्या वार्निशाखालीच, टोक दाबलं की तिथला भाग गेला. एकानं वर "चि. सौ. कां." पासून सगळी पत्रिका उतरवून काढलेली, अक्षर सुंदर होतं, सीडी मंगलाष्टकापर्यंत पण पोचली नाही.