फेरीवाल्यांना जागा द्यायची तर नगरपरिषदेने काय करावं

आधी नगर पथविक्रेता समिती, म्हणजे फेरीवाल्यांचे प्रश्न हाताळणारी समिती. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार अध्यक्ष मुख्याधिकारी, आणि किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले; त्यांतल्या एक तृतीयांश महिला. ही निवडणूक टाळून मर्जीतली नावं घातली की पुढचा प्रत्येक निर्णय वादात सापडतो.

मग फेरीवाल्यांचं सर्वेक्षण. इथेच बहुतेक घोटाळा होतो. सकाळी अकराला कर्मचारी फिरले तर पहाटे मेथीच्या जुड्या विकून घरी गेलेली बाई सुटते, आणि संध्याकाळची वडापावची गाडी तर लागलेलीच नसते. म्हणून तीन फेऱ्या करा: पहाटे, संध्याकाळी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी. फोटो गाडीसकट, जागेवरच काढा. कार्यालयात बोलावलंत तर ज्यांची गाडीच नाही असेही रांगेत येतात.

सर्वेक्षण होऊन सगळ्यांना विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. नंतरही 30 दिवसांची नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी आल्याच्या दिवशीच परत करायचा असतो. गोदामात सडलेल्या टोमॅटोंचा दंड वसूल करण्यात काही अर्थ नाही.

विक्री क्षेत्र ठरवताना गिऱ्हाईक जिथून चालत जातं तीच वाट धरा. गावाबाहेरच्या चकचकीत ओट्यांवर महिन्याभरात कुत्री झोपतात. प्रत्येक जागेला रंगाने चौकोन आणि क्रमांक, जवळ नळ, दिवा, शौचालय. ओल्या कचऱ्याची गाडी बाजार उठल्यावर यावी, आधी नाही.

सर्वेक्षणातून राहिलेल्यांना शिफारसपत्र द्या. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतल्या कर्जासाठी ते चालतं.