अमेरिकेतल्या काउंटीचं घरटी मध्यक उत्पन्न कसं काढावं

मध्यक म्हणजे निम्मी घरं ज्याच्या खाली आणि निम्मी ज्याच्या वर कमावतात तो आकडा. एकाच काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आकडा हवा असेल तर हिशेब करत बसू नका. सेन्सस ब्यूरोनं (अमेरिकेचं जनगणना खातं) तो केलेला आहे, फक्त योग्य ठिकाणचा उचला. लोकसंख्या ६५,००० किंवा जास्त असेल तर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा (एसीएस) एका वर्षाचा तक्ता बी१९०१३ घ्या. लहान काउंटीसाठी दोन पर्याय आहेत: एसीएसचा पाच वर्षांचा आकडा किंवा एसएआयपीई (लहान भागांच्या उत्पन्न आणि गरिबीचे सेन्सस ब्यूरोचे अंदाज).

आमचं मत: एकाच वर्षाचं चित्र हवं असेल आणि काउंटी लहान असेल तर एसएआयपीई. त्यात सर्वेक्षणाच्या जोडीला प्राप्तिकर विवरणपत्रांसारख्या सरकारी नोंदींवर बेतलेलं मॉडेल असतं. नमुना जितका तुटपुंजा, तितका अंतिम आकडा मॉडेलकडे झुकतो. पाच वर्षांचा आकडा म्हणजे पाचही वर्षांची माहिती एकत्र करून, शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये बदलून काढलेला. २०१८–२०२२ आणि २०१९–२०२३ शेजारी ठेवून ‘उत्पन्न वाढलं’ म्हणू नका. त्यातली चार वर्षं तीच आहेत. २०२० चा एका वर्षाचा नेहमीचा एसीएस तक्ता शोधण्यातही वेळ घालवू नका, महामारीमुळे तो निघालाच नाही.

आता जिथे बहुतेकांचं चुकतं ते. तीन-चार काउंट्यांचा मिळून एक आकडा हवा असतो, आणि लोक मध्यकांची सरासरी काढून मोकळे होतात. घरांच्या संख्येचा भार देऊन काढली तरी ती चूकच. मध्यक बेरजेत येत नाही. एका काउंटीत कमावणारे दोन टोकांना आणि दुसरीत सगळे मधोमध असतील, तर एकत्र मध्यक त्या सरासरीपासून बराच दूर जातो. नेटवर ही सरासरी ‘चालते’ म्हणून सांगणारे बरेच आहेत. ऐकू नका.

बरोबर रीत म्हणजे तक्ता बी१९००१ घेणं. त्यात घरांची उत्पन्नानुसार १६ वर्गांत विभागणी असते, १०,००० डॉलरपेक्षा कमी इथपासून २,००,००० आणि त्यावर इथपर्यंत. सगळ्या काउंट्यांची घरं वर्गवार मिळवा, संचित बेरीज करा आणि निम्मी घरं कुठल्या वर्गात पूर्ण होतात ते पाहा. पुढचं सूत्र दहावीच्या बीजगणितातलंच आहे.

समजा एकूण ४०,००० घरं आहेत. म्हणजे आपल्याला २०,००० वं घर हवं. ६०,००० डॉलरच्या खाली १७,६०० घरं आणि ६०,००० ते ७४,९९९ या वर्गात ४,००० घरं आहेत. अजून २,४०० हवीत, म्हणजे वर्गाचा ०.६ भाग. वर्गाची रुंदी १५,०००. मध्यक ६०,००० + ९,००० = ६९,००० डॉलर.

इथे एक मेख आहे. हे सूत्र वर्गातली घरं सारखी पसरलेली धरतं. ५,००० च्या वर्गात ते खपतं, १५,००० किंवा २५,००० च्या वर्गात नाही. मध्यकाच्या आसपास आणि त्यावर घरं साधारण खालच्या टोकाला दाटलेली असतात, त्यामुळे आकडा थोडा फुगतो. रुंद वर्गात परेटो वापरा, म्हणजे उत्पन्न वाढतं तशी घरं विरळ होत जातात असं धरणारं सूत्र. वरच्याच उदाहरणात ६०,००० च्या वर ५६ टक्के आणि ७५,००० च्या वर ४६ टक्के घरं. ०.५६ ला ०.४६ ने भागून लॉग घ्या, त्याला ७५,००० भागिले ६०,००० च्या लॉगने भागा. घातांक येतो ०.८८१५. मग ०.५६ भागिले ०.५ म्हणजे १.१२, त्याचा १/०.८८१५ घात करून ६०,००० ने गुणा: साधारण ६८,२३०. फरक पावणेआठशे डॉलरचा. कुठली रीत वापरली ते तक्त्याखाली लिहा, नाहीतर दुसऱ्याचा आकडा जुळणार नाही आणि वाद तुमच्या गळ्यात पडेल.

मध्यक २,००,००० च्या वरच्या उघड्या वर्गात पडला तर थांबा. त्या वर्गाला वरचं टोक नाही, ओढूनताणून आकडा काढू नका.

एसीएसच्या आकड्यासोबत दिलेली त्रुटीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) ९० टक्के विश्वासपातळीची असते. तिला १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते. ती आकड्याच्या १५ टक्क्यांवर गेली तर क्रमवारी लावायच्या भानगडीत पडू नये.

बाकी किरकोळ. घर म्हणजे एकटा राहणाराही. ‘फॅमिली’चा तक्ता वेगळा आहे आणि त्याचा मध्यक सहसा जास्त येतो. कनेक्टिकटमध्ये २०२२ पासून एसीएसनं ८ काउंट्यांऐवजी ९ नियोजन प्रदेश धरलेत, जुन्या मालिकेशी थेट जोडू नका. एपीआयमधून (प्रोग्रामने थेट आकडे मागवायची सोय) आकडे ओढत असाल तर -६६६६६६६६६ दिसेल, ते उत्पन्न नव्हे, ‘अंदाज काढता आला नाही’ची खूण आहे. आधी गाळा. आणि एक्सेलमध्ये काउंटीचा कोड मजकूर म्हणूनच उघडा. अलाबामातल्या ऑटॉगाचा ०१००१ आकडा म्हणून उघडला की १००१ होतो, आणि ज्यांचा कोड शून्याने सुरू होतो ती सातही राज्यं, कॅलिफोर्नियासकट, जोडणीतून गुपचूप गळतात.