पोहणं, पर्वती आणि माझे कुरळे केस

आठवड्यातून चार दिवस पोहणं, रविवारी पर्वती. आई माझ्या केसांना ‘सुगरणीचं घरटं’ म्हणायची. (सुगरणीचं घरटं खरं तर फार सुबक असतं, पण आईला कोण सांगणार!)

तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा. आधीच पाणी प्यायलेला केस क्लोरिनचं पाणी कमी ओढतो. वर चमचाभर खोबरेल, टोकांना जास्त, मग सैल वेणी आणि सिलिकॉनची टोपी. टोपीत पाणी शिरतंच, म्हणून बाहेर आल्याबरोबर केस धुवा. शाम्पू मी आठवड्यातून दोनदाच लावते. एरवी नुसतं कंडिशनर, आणि ते केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवते. कोरड्या केसांत कंगवा घालायचाच नाही.

आता जवसाची जेल. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत राहा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गॅस बंद. गरम असतानाच गाळा. मी एकदा ‘गार होऊ दे’ म्हणून थांबले, तर ती फडक्यातून उतरेचना. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. ओल्या केसांना लावून ते खालून वर मुठीत दाबा, जुन्या पंच्याने टिपा. टॉवेलने खसाखसा पुसलंत तर पुन्हा घरटं!

पर्वतीच्या घामाला शाम्पू लागत नाही. टाळू पाण्याने चोळून धुतली की पुरे.