लाडली बहनाचा हिशोब मॉडेलमध्ये मांडताना या चुका टाळा

इंदुरात अर्थशास्त्र शिकणारी मुले प्रकल्पासाठी हमखास लाडली बहना योजना, म्हणजे मध्य प्रदेश सरकारची पात्र महिलांना दरमहा पैसे देणारी योजना, निवडतात. योजना घरातली, ओळखीची. जून २०२३ मध्ये महिना १००० रुपयांनी सुरू झाली, ऑक्टोबरपासून १२५० झाले. प्रश्न ठरलेला: यामुळे गरिबी किती घटली? मग २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय आकडेवारी घ्यायची, पात्र बाई शोधून तिच्या घराच्या आकड्यात रक्कम जोडायची आणि गरिबी पुन्हा मोजायची. याला मायक्रोसिम्युलेशन म्हणतात.

आकडे अफाट फुगले, तर आधी मल्टिप्लायरचा रकाना बघा. वजन, म्हणजे पाहणीतले एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजायचे तो आकडा, काढताना त्याला १०० ने भागायचे असते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २४.७ कोटी कुटुंबे होती. तुमची बेरीज हजारो कोटींत गेली, तर भागायचे राहिले आहे.

खरी मेख उत्पन्नाची आहे. योजनेची अट वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांहून कमी अशी, आणि सर्वेक्षणात उत्पन्न विचारलेलेच नाही, खर्च विचारला आहे. मुले सरळ महिन्याचा खर्च गुणिले बारा करतात आणि त्यालाच उत्पन्न म्हणतात. आमच्या गल्लीत पोळ्यांची कामे करणाऱ्या एक ताई आहेत. नवऱ्याचे ऑपरेशन झाले, त्या वर्षी उसने घेऊन घर चालले. या हिशोबाने त्या घराचे 'उत्पन्न' वाढले असते आणि ताई अपात्र ठरल्या असत्या! उलट पै-पै साठवणारे सुखवस्तू घर गरीब दिसते. ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती नेमकी गरजूंनाच यादीतून काढते. म्हणून चारचाकी आणि सरकारी नोकरीसारख्या इतर अटीही लावून बघा, उत्पन्नाची मर्यादा दोन-तीन प्रकारे ठरवा, आणि निकाल एका आकड्यात न देता किमान ते कमाल अशा पट्ट्यात द्या.

'फक्त इंदूर शहराचा परिणाम' काढायचा मोह आवरा. देशभरात मिळून २,६१,७४६ कुटुंबांची पाहणी झाली, त्यात आपल्या शहराच्या वाट्याला मोजकीच घरे येतात. राज्यापर्यंत थांबा.

आलेली सगळी रक्कम त्याच महिन्यात खर्च झाली, असेही धरू नका. कुणी बचत गटाचा हप्ता फेडते, कुणी मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवते. धोरण बदलले की माणसे वागणे बदलतात, आणि जुन्या सवयींवर बेतलेले मॉडेल तिथेच फसते, हे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९७६ मध्येच दाखवले होते. बाजारभाव, मजुरी यांवरचा परिणाम हवा असेल, तर संपूर्ण अर्थव्यवस्थेचे समतोल मॉडेल, म्हणजे सगळ्या बाजारांतली मागणी-पुरवठा एकत्र जुळवणारे मॉडेल, लागेल. तिथे पहिला प्रश्न हा, की सरकार पैसा आणणार कुठून: कर, कर्ज की दुसऱ्या खर्चाला कात्री? ते गृहीतक बदलले की निकालही फिरतो, म्हणून ते अहवालात पहिल्या पानावर लिहा.

आणि काहीच उमगेना, तर रक्कम शून्य टाकून मॉडेल चालवा. गरिबीचा आकडा मूळ आकड्यापासून तसूभरही हलला, तर समजा की फायली जोडताना काही कुटुंबे गळली किंवा दोनदा आली. मग एकच कुटुंब घ्या, त्याचा हिशोब कागदावर हाताने करा आणि तो आणि मॉडेलमधली त्या कुटुंबाची ओळ शेजारी ठेवून ताडून बघा.