खोडव्याचा ‘गोडवा’ होऊ नये म्हणून

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. सकाळी पावणेअकराला मी हेडफोन चढवते आणि सव्वाला उतरवते. मधल्या अडीच तासांत शेतीच्या व्हिडिओंना सबटायटल लावते. शेतकरी मराठीत बोलतो आणि मी ते मराठीतच खालच्या पट्टीत लिहिते. “मराठीचं मराठीत काय लिहायचं?” असं शेजारच्या वहिनी विचारायच्या. शेजारी ट्रॅक्टर चालू ठेवून घेतलेली एक मुलाखत त्यांना ऐकवली, तेव्हापासून विचारत नाहीत.

सहा वर्षं झाली याला. त्याआधी नऊ वर्षं एका छापखान्यात डीटीपी केलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. आता ओळखीच्या बायका, आणि हल्ली पुरुषही, दोन गोष्टी विचारतात: असं घरबसल्या काम आम्हाला मिळेल का, आणि तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? माझं म्हणणं, दुसरा प्रश्न आधी सोडवा. कंटाळवाणं काम मिळवणं फार अवघड नाही, ते वर्षभर टिकवणं अवघड आहे.

त्यासाठी पैसे कशात जास्त आहेत हे शोधण्याआधी आपल्याला खोड कशाची आहे ते बघा. मला दुकानांच्या पाट्या वाचून चुका काढायची खोड. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे तपासणी अधिकाऱ्याबरोबर फिरणं. माझ्या एका मैत्रिणीला हिशोब जुळेपर्यंत झोप येत नाही, ती दोन दुकानांची खाती घरून सांभाळते. दुसरी एक जण अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांना वाचायला शिकवते. आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ, त्यामुळे सातला सुरू करून साडेआठला ती मोकळी. तिला मुलांशी बोलायला मनापासून आवडतं. मला विचाराल तर मी तिथे दोन दिवस टिकणार नाही.

आपली खोड खरंच कामाची आहे का, हे फुकटात तपासता येतं. सबटायटलचंच घ्या. ‘सबटायटल एडिट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घ्या. आजीचा, मामाचा, कुणाचाही पाच मिनिटांचा बोलण्याचा व्हिडिओ मोबाइलवर काढा आणि त्याला पट्ट्या लावा. झटकन होणार नाही. मला पहिल्या पाच मिनिटांना पावणेदोन तास लागले होते. सलग तीन दिवस करा. तिसऱ्या दिवशी एखाद्या वाक्यासाठी चहा गार झाला असेल तर हे काम तुमचं. सारखं घड्याळ बघत असाल तर दुसरं शोधा, त्यात कमीपणा काही नाही.

चहा कुठे गार होतो ते सांगते. मागच्या महिन्यातलं हे वाक्य: “आता काय सांगायचं म्याडम तुमाला, ऊस कारखान्याला घातला, त्याला आता चार म्हैनं झालं, पण बिल काय अजून आलं न्हाई बघा.” माणूस हे चार सेकंदांत बोलून जातो. पट्टीत एका वेळी दोन ओळी बसतात, आणि माझ्या कामात ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा आहे. जागेत कदाचित सगळं मावेलही, पण वाचणाऱ्याला चार सेकंदांत एवढं वाचून होत नाही. मग काढायचं काय? ‘आता काय सांगायचं’ काढलं तर त्याचा वैताग जातो. ‘म्याडम’ काढलं तर समोर कुणीतरी बसलंय हे जातं, पण ते चित्रात दिसतंच. मी शेवटी असं केलं:

ऊस घालून चार म्हैनं झालं,
पण बिल अजून आलं न्हाई बघा.

शेवटचा ‘बघा’ ठेवला. सगळा वैताग त्या ‘बघा’त आहे. त्या दोन अक्षरांवर माझी वीस मिनिटं गेली, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. तरी त्या दिवशी दुपारी भांडी घासताना मी गुणगुणत होते.

इथेच कामातली एक बारीक मेख. वरची पहिली ओळ मोजा: ऊ, स, घा, लू, न, चा, र, म्है, नं, झा, लं. आपल्या हिशोबाने अकरा अक्षरं. पण काही सॉफ्टवेअर तिला २५ मोजतात. युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळे वेगवेगळे धरले जातात, शिवाय मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम. एकटा ‘म्है’च चार. म्हणून काम घेतानाच विचारून घ्या की अक्षरं कशी मोजायची. मी विचारलं नव्हतं. पहिल्या महिन्यात निम्म्या ओळी परत आल्या.

‘म्हैनं’चं ‘महिने’ करा, असाही आग्रह होतो. मी भांडते. माणूस जे बोलला ते त्याच्या तोंडाखाली दिसलं पाहिजे, निदान जिथे अर्थ कळायला अडचण नाही तिथे. कधी मी हरते. सरकारी योजनांच्या व्हिडिओत प्रमाण मराठीच लागते आणि ते मला पटतंही.

टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डने शिका. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी त्याची सोपी मांडणी आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर पहिले पंधरा दिवस रडू येतं. मला छापखान्यातल्या जुन्या फॉन्टची सवय होती, ती मोडायला महिना गेला. लॅपटॉप जुना चालतो. हेडफोन मात्र वायरचे घ्या. बिनतारी हेडफोनात कधी कधी आवाज किंचित मागे पडतो आणि मग सगळ्या पट्ट्यांची वेळ चुकते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तोही घ्या. लाइट गेली की लॅपटॉप चालतो पण नेट जातं, आणि फाइल पाठवायची वेळ नेमकी तीच असते.

“आता हे सगळं मशीन करतं ना?” करतं की. बोलण्यावरून पहिला खर्डा आता मशीनच काढून देतं आणि मी तो तपासते. पुण्याच्या निवेदकाचं बोलणं ते झकास उतरवतं. पण जत, आटपाडीकडचा माणूस बोलायला लागला की त्याची तारांबळ उडते. “यंदा खोडवा चांगला आलाय” याचं त्याने “यंदा गोडवा चांगला आलाय” केलं होतं. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून फुटून येणारं पुढचं पीक म्हणजे खोडवा. उसाचा व्हिडिओ असल्यामुळे गोडवाही शोभून दिसत होता, हेच त्यातलं संकट. सरळ चूक कुणालाही दिसते. शोभणारी चूक पकडायला शेताच्या बांधावर कधीतरी उभं राहिलेलं असावं लागतं.

त्यासाठी मी शब्दवही ठेवलीय, साधी दोनशे पानी. खोडवा, पाचट, वाफसा, सरी, मोळी. अडलेला शब्द लिहायचा, ज्याने समजावला त्याचं गाव पुढे लिहायचं. वाफसा म्हणजे जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, औत घालायला योग्य, हे मला फोनवर माहेरच्या काकांनी सांगितलं, आणि नंतर अर्धा तास पावसावर बोलले. वरच्या त्या ऊस बिलामुळे मी एफआरपी म्हणजे काय तेही शोधलं. कारखान्याने उसाला द्यायचा रास्त आणि किफायतशीर दर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. हे कळल्यावर ‘चार म्हैनं’ हे दोन शब्द मला वेगळेच ऐकू यायला लागले.

आता फसवणुकीबद्दल, कारण मी स्वतः फसलेय. सबटायटलच्या आधी मी ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’ची एक जाहिरात पाहून १,८०० रुपये नोंदणी भरली. दहा दिवस फॉर्म भरले. मग त्यांनी कळवलं, की तुमची अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली आहे, करार मोडलात, दंड भरा, नाहीतर खटला. वकिलाच्या नावाची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर आली. दोन रात्री झोप नाही. शेवटी नवऱ्याला सांगितलं, तो हसला, मग चिडला, मग आम्ही तक्रार केली. ते १,८०० गेले ते गेलेच. तेव्हा हे पक्कं धरा: काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, अनामत, कुठल्याही नावाने मागितले तरी फोन ठेवा. व्हिडिओ लाइक करा आणि रोज पैसे कमवा म्हणणारे आधी शंभर-दोनशे खरंच देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. फसलाच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

खरं काम मला कसं मिळालं? छापखान्याच्या जुन्या ओळखीतून. शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या एकाला पत्रकं छापून दिली होती, त्याला मी माझ्या मामाच्या व्हिडिओचा पट्ट्या लावलेला नमुना पाठवला. अनोळखी शंभर जणांना अर्ज करण्यापेक्षा ओळखीच्या दहा जणांना केलेलं काम दाखवा.

दर व्हिडिओच्या मिनिटावर ठरतो, आपल्या मिनिटावर नाही. मला मिनिटाला ६० रुपये मिळतात. सरावाने एका मिनिटाला मला साधारण दहा मिनिटं लागतात, ट्रॅक्टर असेल तर वीस. म्हणजे तासाला कधी ३६०, कधी १८०. म्हणून काम घेण्याआधी मी मधली दोन मिनिटं ऐकायला मागते. सुरुवातीची नाही, सुरुवातीला सगळेच नीट बोलतात.

आणि तास बांधून घ्या. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चार दिवसांत ९० मिनिटांचं काम घेतलं. फराळ एकीकडे, हेडफोन एकीकडे. रात्री दोनला मी फाइल पाठवली, ती व्हिडिओच्या वेगाशी न जुळवता. व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा, माझी फाइल २३.९७६ ची. सुरुवातीला सगळं छान दिसतं, मग पट्ट्या हळूहळू सरकत जातात. विसाव्या मिनिटाला पाऊण मिनिटाहून जास्त फरक पडला होता. डाळिंबाचा शेतकरी बोलतोय आणि खाली शेळीपालन. सगळं फुकटात पुन्हा करून दिलं, आणि त्या वर्षी चकल्या विकतच्या आणल्या. तेव्हापासून अडीच तास म्हणजे अडीच तास. नंतर फोन आला तर “उद्या अकराला बघते” एवढंच सांगते. आश्चर्य म्हणजे कुणी रागावलं नाही.

घरच्यांना हे तास समजावणं जास्त कठीण. घरात दिसणारी बाई मोकळीच असते, असा एक अलिखित नियम आहे. मी वाद घातला नाही, पडदा लावायला लागले. पडदा लावलेला असला की सिलिंडरवाला, कुरिअर, दळण, सगळं नवऱ्याकडे किंवा लेकाकडे. पहिले दोन महिने पडद्याआडून “फक्त एक मिनिट” यायचं. मी हेडफोन न काढता बोटाने घड्याळ दाखवायची.

पैसे वेगळ्या खात्यात घ्या, नाहीतर ते किराण्यात विरघळतात आणि आपण कमावलं हे आपल्यालाच कळत नाही. पॅन द्यावं लागतं. माझ्या बिलातून १० टक्के टीडीएस कापला जातो, आणि तो परत मिळायचा असेल तर रिटर्न भरावंच लागतं. पहिली दोन वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

एकटेपण येतं, ते नाकारत नाही. छापखान्यात निदान शाईच्या वासात चार माणसं असायची. आता लातूरची एक जण हेच काम करते, आम्ही दोघी शुक्रवारी फोनवर भांडतो. ती म्हणते ‘न्हाई’चं ‘नाही’ कर. मी करत नाही. प्रत्यक्ष भेटलो आहोत एकदाच.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, सुरुवातीला म्हणायच्या, “कानात बोळे घालून बसतीया नुसती.” आता त्यांना कमी ऐकू येतं. दुपारी त्या आवाज बंद करून माझे व्हिडिओ बघतात, पट्टी वाचत, ओठ हलवत. त्या ऊसवाल्याचा व्हिडिओही बघितला. पूर्ण झाल्यावर मला हाक मारली. मला वाटलं, त्या ‘बघा’बद्दल काहीतरी बोलतील.

“अगं, म्हैनं न्हवं,” त्या म्हणाल्या, “म्हयनं. त्यो आमच्या माहेरकडचा हाय.”

फाइल जाऊन आठवडा झाला होता. वहीत लिहून ठेवलं, पुढे आत्तींचं गाव.