एकट्याने बास्केटबॉलचा सराव करताय? या चुका टाळा

एकट्याने खेळताना चूक दाखवायला कोणी नसतं. त्यामुळे ती हातात मुरते. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मैदानावर नवी पोरं येतात आणि दरवर्षी मला तेच ते सांगावं लागतं.

आधी रिंगची उंची. जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे १० फूट. घरी रिंग लावताना टेप कोणी काढत नाही, शिडी पोचेल तिथे ठोकतात. आमच्या वाडीत एकाच्या वडिलांनी मांगराच्या चिऱ्याच्या भिंतीवर अशीच ठोकली. खळ्यात पोराचा एकही चेंडू वाया जात नव्हता. तालुक्याच्या सामन्यात मात्र प्रत्येक शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत! वडील म्हणाले, नजर लागली. मी जाऊन टेप धरली, तर रिंग नऊ फुटांच्या जेमतेम वर. त्यात दिवाळीनंतर खळ्यात माती घालून चोपलेली, तेवढी उंची आणखी गेलेली. रिंग वर घ्यायला एक सकाळ पुरली, पण हाताची सवय मोडेपर्यंत पावसाळा आला. मी नव्या मैदानावर गेलो की आधी टेप लावतो. लोक हसतात, हसू देत.

दुसरं दुखणं थ्री पॉइंटरचं, म्हणजे लांबून टाकून तीन गुण मिळवायच्या शॉटचं. रील बघून आलेला प्रत्येक जण पहिलाच चेंडू ६.७५ मीटरवरून टाकतो. जोर पुरत नाही, मग कैरी पाडायला दगड भिरकवावा तसा खांद्यामागून फेकतो. चुकून एखादा पडला की दिवसभर त्याचंच कौतुक. रिंगपासून दोन पावलांवर उभे राहा. चेंडू एका हाताने टाका, दुसरा फक्त बाजूने आधाराला. जोर गुडघ्यांतून येऊ द्या आणि चेंडू सुटल्यावर मनगट वाकलेलंच ठेवा. सलग पाच पडले की एक पाऊल मागे. चुकला की मोजणी पहिल्यापासून. रिंगमागच्या बोर्डापासून ४.६ मीटरवरच्या फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेघेपर्यंत असं पोचायला आठवडे जातात. घाई असेल त्याने कॅरम खेळावा, तिथेही जमेलच असं नाही.

लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट, फक्त उजव्या हाताने नको. रिंगखाली उभं राहून एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून टाकत राहा. जुना अमेरिकन खेळाडू जॉर्ज मायकन याच्या नावाने ओळखला जाणारा हा सराव कंटाळवाणा आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेताना, त्याच्याकडे बघू नका, समोरच्या पोफळी मोजा.

दहा वर्षांच्या पोराला ७ नंबरचा मोठा चेंडू कशाला? ५ नंबर द्या.

फ्री थ्रो दमल्यावर टाका, सामन्यातही दमलेलेच असता.

पावसात सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं. दोन दिवस ऊन पडलं तरी खराट्याने घासल्याशिवाय धावू नका. तोवर पडवीत ड्रिबलिंग करा, घरचे ओरडतील तेवढं ऐकून घ्या.

आणि रिंगला लोंबकळू नका. खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात आणि वरून रंग मारलेला असला की खालून काही दिसत नाही.