चांदीच्या मागणी-पुरवठ्याचे आकडे वाचताना या चुका टाळा

‘चांदीत सलग तुटवडा आहे, म्हणजे भाव चढणारच.’ या वाक्याचा पहिला भाग बरोबर आहे, पण त्यावरून दुसरा भाग आपोआप सिद्ध होत नाही. सिल्व्हर इन्स्टिट्यूट या चांदी उद्योगाच्या संघटनेच्या वार्षिक सर्वेक्षणानुसार २०२१ पासून जगाची चांदीची मागणी दरवर्षी पुरवठ्यापेक्षा जास्त राहिली. २०२४ मध्ये मागणी सुमारे ११६ कोटी औंस होती, पुरवठा सुमारे १०१ कोटी. म्हणजे जवळपास १५ कोटी औंसांची तूट.

आता २०२२ पाहा. त्या वर्षीची तूट याहून मोठी, २० कोटी औंसांच्या पुढे होती. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये भाव औंसाला १८ डॉलरच्या खाली गेला होता.

असं झालं कारण तूट हा एका वर्षाच्या आवक-जावकीचा हिशेब आहे आणि चांदी काही त्याच वर्षी खाणीतून काढून त्याच वर्षी संपवायची वस्तू नाही. आधी साठलेला माल बाहेर येतो आणि फरक भरून निघतो. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर झपाट्याने वाढत होते, डॉलर मजबूत होता, आणि चांदीच्या ईटीएफमधून (म्हणजे शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या, पाठीशी खरी चांदी ठेवणाऱ्या फंडांतून) गुंतवणूकदारांनी १० कोटी औंसांहून जास्त माल सोडला. कारखान्यांना चांदी मिळत राहिली. म्हणून तुटीचा आकडा दिसला की पुढचा प्रश्न विचारा: ही तूट कोणाच्या साठ्यातून भरली गेली, आणि तो साठेदार अजून विकायला तयार आहे का? बहुतेक लेख या प्रश्नाच्या आधीच संपतात.

‘भाव वाढला की खाणी जास्त काढतील’

ही चूक अर्थशास्त्राचं पहिलं पान वाचलेल्यांची. चांदीचा बराच मोठा भाग, ढोबळमानाने ७० टक्के, चांदीच्या खाणींतून येतच नाही. शिसं-जस्त, तांबं आणि सोनं काढताना ती सोबत निघते. मेक्सिको, चीन आणि पेरू हे सर्वांत मोठे उत्पादक देश. पण पोलंडची केजीएचएम ही मुळात तांब्याची कंपनी असूनही जगातल्या मोठ्या चांदी-उत्पादकांत मोडते. अशा कंपनीचा खाणीचा आराखडा तांब्याच्या भावावर ठरतो. चांदी दुप्पट महाग झाली म्हणून ती तांब्याची नवी खाण खोदायला घेत नाही.

आकडेही हेच सांगतात. २०१६ मध्ये खाणींतून सुमारे ९० कोटी औंस चांदी निघाली, २०२४ मध्ये सुमारे ८२ कोटी. मधल्या काळात भाव कितीतरी वर गेला होता. उलट बाजूने धक्का मात्र लगेच बसतो. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या पेन्यास्कितो या सोन्याच्या मोठ्या खाणीत संप झाला, काम काही महिने बंद राहिलं आणि तिथली चांदीही तितका काळ थांबली.

पुरवठ्याचा अंदाज बांधायचा असेल तर तांबं आणि जस्त यांच्या नव्या प्रकल्पांकडे बघा. भावाला त्यातल्या त्यात लवकर प्रतिसाद देते ती मोड आणि भंगार. जुनी भांडी, दागिने, कारखान्यातला टाकाऊ माल वितळवून २०२४ मध्ये १९ कोटी औंसांच्या आसपास चांदी परत बाजारात आली. पण त्यातही उद्योगांतून येणारा भाग भावावर कमी आणि यंत्रं, रसायनं कधी बदलली जातात यावर जास्त अवलंबून असतो.

सौर पॅनेलचा गुणाकार

सौरऊर्जेची क्षमता दुप्पट होणार, म्हणजे चांदीही दुप्पट लागणार, हा गुणाकार कागदावर फार सुंदर दिसतो. प्रत्यक्षात २०२४ मध्ये सौर उद्योगाने साधारण २० कोटी औंस चांदी वापरली आणि आदल्या वर्षीपेक्षा वाढ जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास होती. पॅनेल बसवण्याचा वेग त्याहून कितीतरी जास्त होता. फरक गेला कुठे? पॅनेलमधल्या दर सेलमागे लागणाऱ्या चांदीत. सेलवरच्या बारीक रेघा चांदीच्या पेस्टने छापतात आणि त्या रेघा वर्षागणिक अरुंद होत आल्या आहेत. शिवाय चांदी महाग झाली की पॅनेलच्या खर्चातला तिचा वाटा डोळ्यांत खुपायला लागतो, आणि कारखान्यातला प्रत्येक अभियंता ती वाचवण्याच्या मागे लागतो.

मात्र लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘आता सगळे तांबं वापरणार, चांदी संपली’ हेही तितकंच घाईचं. तांब्याला ऑक्सिडेशन लवकर होतं, ते सेलच्या सिलिकॉनमध्ये शिरून त्याची कामगिरी बिघडवू शकतं, त्यासाठी यंत्रसामग्री बदलावी लागते, आणि पॅनेलवर पंचवीस-पंचवीस वर्षांची हमी दिलेली असते. मधल्या काळात उलटंही घडलं. जुन्या ‘पर्क’ प्रकारच्या सेलची जागा घेणाऱ्या ‘टॉपकॉन’ प्रकारच्या सेलला दोन्ही बाजूंना चांदी लागत असल्याने दर सेलमागचा वापर आधी वाढला आणि मग पुन्हा उतरू लागला.

पर्यायाचा खरा धडा फोटोग्राफीत आहे. १९९९ च्या सुमारास फिल्म आणि फोटोपेपरला २० कोटी औंसांहून जास्त चांदी लागायची. डिजिटल कॅमेऱ्याने ती मागणी जवळजवळ खाऊन टाकली, पण त्याला दोन दशकं लागली. तेवढ्या काळात इलेक्ट्रॉनिक्स आणि सौर उद्योगांनी जागा भरली. त्यामुळे एका उद्योगाचा आलेख हातात घेऊन साऱ्या बाजाराचं भाकीत करू नये.

दोन अहवालांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा घोळ किरकोळ असतो. या क्रमाने तपासा. आधी एकक: चांदीचा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅम. २८.३५ ग्रॅमचा साधा औंस घेतला तर टनांचं उत्तर जवळपास नऊ टक्क्यांनी चुकतं. दहा लाख ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ टन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मग ईटीएफ: सिल्व्हर इन्स्टिट्यूट नाणी आणि विटा मागणीत धरते, पण ईटीएफची आवक-जावक तुटीच्या खाली वेगळी दाखवते. कुणी ती मिसळली की एकाच वर्षाची तूट दोन ठिकाणी कितीतरी वेगळी दिसते. शेवटी आवृत्ती: मागच्या वर्षांचे आकडे दर नव्या सर्वेक्षणात सुधारले जातात. २०२२ चा आकडा जुन्या आवृत्तीतून आणि २०२४ चा नव्यातून उचलला तर तुलना फसवी होते.

अधिकृत म्हणवणारे आकडेही चुकतात बरं का. २०२१ मध्ये एलबीएमए या लंडनच्या सोने-चांदी बाजाराच्या संघटनेने गोदामांतल्या चांदीचा मार्चचा आकडा आधी सुमारे ३,३०० टनांनी जास्त जाहीर केला आणि मग दुरुस्त केला.

गोदामाच्या साठ्यावरून खळबळ

‘कॉमेक्स (न्यूयॉर्कचा धातूंचा वायदेबाजार) रिकामं होतंय’ अशी बातमी अधूनमधून फिरते. २०२५ च्या सुरुवातीला मात्र उलटं झालं. अमेरिका आयातशुल्क लावेल या भीतीने चांदी लंडनहून न्यूयॉर्कला गेली आणि तिथला साठा ५० कोटी औंसांच्या वर पोहोचला. जगात चांदी वाढली नव्हती की कमी झाली नव्हती, तिची फक्त जागा बदलली होती. पण जागेलाही किंमत असते. लंडनच्या तिजोऱ्यांतला बराच माल ईटीएफच्या मालकीचा, म्हणजे उसना द्यायला मोकळा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोकळा माल इतका कमी पडला की चांदी उसनी घेण्याचा दर, म्हणजे लीज रेट, कडाडला, लंडनचा भाव न्यूयॉर्कच्या वर गेला आणि भावाने १९८० चा उच्चांक ओलांडला. मग अमेरिकेतून माल विमानाने परत आला आणि महिनाअखेरीस भाव उतरला. एकूण साठा पाहणाऱ्यांना हे कळलंच नसतं. मोकळा साठा किती हे पाहावं लागतं.

सोनं-चांदी गुणोत्तराबद्दल, म्हणजे एक औंस सोन्याच्या भावात किती औंस चांदी येते याबद्दल थोडक्यात: मार्च २०२० मध्ये ते १२० च्या वर गेलं होतं. ते सरासरीकडे परतेल असं म्हणणाऱ्यांना कधी परतेल हे सांगता येत नाही, आणि खरेदी-विक्रीत तेच महत्त्वाचं असतं.

प्रत्येक घसरणीचं कारणही मागणी-पुरवठ्यात शोधू नका. जानेवारी १९८० मध्ये कॉमेक्सने उधारीवरच्या खरेदीवर निर्बंध घातले आणि प्रचंड चांदी गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या हंट बंधूंची तेजी २७ मार्चला कोसळली. २०११ मध्ये एप्रिलअखेर ४९ डॉलरला टेकलेला भाव मार्जिन (वायदा व्यवहारासाठी आगाऊ ठेवावी लागणारी रक्कम) वाढवल्यावर काही दिवसांत ३५ च्या आसपास आला. त्या आठवड्यात ना एखादी खाण उघडली होती, ना एखादा कारखाना बंद पडला होता.

तेजी आली की म्हणूनच आधी तीन गोष्टी बघाव्यात: लीज रेट, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या भावातली तफावत, आणि ईटीएफचा साठा. तिन्ही शांत असतील तर ही बहुधा वायद्यातल्या पैशाची तेजी आहे, मार्जिन बदललं की ती विरू शकते. पहिल्या दोन तापल्या असतील तर प्रत्यक्ष धातू कुठेतरी अडला आहे, आणि तो किती दिवसांत हलवता येतो यावर पुढचा खेळ ठरतो. सर्वेक्षणाची वाट बघून यातलं काही कळणार नाही. ते एप्रिलमध्ये येतं, तेही मागच्या वर्षाचा हिशेब घेऊन.